सुरकुत्यांवरील क्रीमचे दावे
महोदय,
सुरकुत्यांवरील सगळीच क्रीम निरुपयोगी असतात, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. उन्हाने जून झालेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइन या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषधाचा परिणाम चाचण्यांतून सिद्ध झाला आहे. मात्र ते डॉक्टरी सल्ल्याने वापरायचे आणि गरोदरपणात वर्ज्य असलेले औषध आहे, तर सौंदर्यप्रसाधनांतील रेटिनॉल या त्याच कुळातील घटकाचे त्वचेत आधी रेटिनॉइक आम्लात (म्हणजेच ट्रेटिनॉइनमध्ये) रूपांतर व्हावे लागत असल्याने त्याचा परिणाम सौम्य असतो व दिसायला महिने लागतात. क्रीममधील कोलॅजन या प्रथिनाचा रेणू तर त्वचेत शिरण्याइतका लहानच नसतो (किंमत मात्र खिशात खोलवर शिरते). याउलट २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत, मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वार्धक्य दाखवत होती. वेष्टनावर घटकाच्या नावासोबत त्याचे प्रमाण छापणेही बंधनकारक करावे.
– एक वाचक