परीक्षेत मोतीबिंदू, दवाखान्यात चुना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय शिक्षणाबद्दल वृत्तपत्रांत छापून येते ते बहुधा प्रवेश, शुल्क आणि जागांच्या संख्येविषयी. वर्गात काय आणि कसे शिकवले जाते याकडे फारसे कोणी वळत नाही, म्हणून एमबीबीएसचे विद्यार्थी ज्याला ‘छोटा विषय’ म्हणून शेवटच्या पंधरवड्यात उरकतात, त्या नेत्रविज्ञानाबद्दल लिहीत आहे.

मी तालुक्याच्या गावी तीसेक वर्षे जनरल प्रॅक्टिस केली. पहिल्याच वर्षी एक आई चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन धावत आली. आजोबांची चुन्याची पुडी त्याने दाबली, ती फुटली आणि चुना थेट डोळ्यात उडाला. रासायनिक इजा किती गंभीर आहे हे ठरवणारे रोपर-हॉल वर्गीकरण मला तोंडपाठ होते. तोंडी परीक्षेत ते घडाघडा म्हणून दाखवून शाबासकीही मिळवली होती. त्या सकाळी मात्र मी डोळ्यात मलम घातले, पट्टी बांधली आणि चिठ्ठी देऊन मायलेकरांना जिल्ह्याच्या गावी पाठवले. एसटीने दीड तासाचा रस्ता. आधी अर्धा तास डोळा धुवायचा, वरची पापणी उलटून तिच्यामागे अडकलेले चुन्याचे कण ओल्या कापसाने काढायचे आणि मगच पुढे पाठवायचे, हे मी वाचलेले होते. सलाइनच्या बाटल्या माझ्या पाठीमागच्या कपाटात होत्या, आणि त्या नसत्या तरी नळाचे पाणी चालले असते. त्या डोळ्यात कायमचे फूल पडले.

आम्लामुळे पृष्ठभागावरची प्रथिने साकळतात आणि त्यांचाच काहीसा अडसर तयार होतो. चुन्यासारखा अल्कली पदार्थ मात्र पेशींच्या आवरणातील मेद विरघळवत आत आत जात राहतो, त्यामुळे धुण्यात झालेला उशीर नंतरच्या कोणत्याही औषधाने पुरता भरून निघत नाही. ही माहिती मला व्याख्यानातून मिळाली होती, पण ‘मूल समोर रडते आहे, आता तू काय करशील?’ असे शिकतेवेळी कोणी विचारले नव्हते.

रुग्णाच्या हकिकतीवरून शिकवण्याच्या पद्धतीचा, म्हणजे केस-आधारित अध्यापनाचा, मी आग्रह धरतो तो यासाठी. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने लहान गटांत शिकवण्याला जागा करून दिली आहे. पण निवृत्तीनंतर एका महाविद्यालयात असा तास पाहण्याचा योग आला, तेव्हा पहिल्याच स्लाइडवर मथळा होता, ‘केस : तीव्र काचबिंदू’. निदान मथळ्यातच सांगून टाकल्यावर विद्यार्थ्यांनी शोधायचे काय? पुढचा पाऊण तास ते नेहमीचेच व्याख्यान झाले.

तीच केस वेगळी मांडता येते. पहिल्या कागदावर इतकेच असावे : साठीच्या बाई, संध्याकाळपासून अर्धे डोके असह्य दुखते आहे, चार उलट्या झाल्या. कोणी पित्त म्हणेल, कोणी अर्धशिशी, एखादा हुशार विद्यार्थी थेट सीटी स्कॅन मागेल. डोळा तपासायला कोणी मागितला, तरच दुसरा कागद हाती द्यावा : डोळा लाल, कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) धूसर, बाहुली अर्धवट विस्फारलेली आणि टॉर्चच्या उजेडाला दाद न देणारी, पापणीवरून बोटांनी चाचपल्यास डोळा दगडासारखा टणक. कोणीच मागितला नाही, तर बाईंना पित्ताच्या गोळ्या देऊन घरी पाठवले असे धरून दुसऱ्या दिवशी त्यांना किती दिसते ते सांगावे. शिक्षकाने मध्ये बोलायचे नाही, हेच यात सर्वांत अवघड आहे.

केसही आपल्याच बाह्यरुग्ण विभागातल्या असाव्यात. आमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात पानाची कड डोळ्याला लागते, मजूर औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब घेतो, लाली तात्पुरती कमी होते आणि आत बुरशीची जखम चिघळत जाते. थेंबांच्या बाटलीवरचे नाव वाचायला लावणारी अशी एक केस मला स्टिरॉइडच्या दुष्परिणामांच्या यादीपेक्षा मोलाची वाटते.

दीडशे विद्यार्थ्यांचे बारा-तेरा गट करायचे तर तितके शिक्षक आणायचे कोठून, ही अडचण खरी आहे. सगळाच विषय असा शिकवावा असे माझे म्हणणे नाही; चष्म्याच्या नंबरामागचे प्रकाशशास्त्र फळ्यावरच चांगले समजते. लाल डोळा, रासायनिक इजा, लहान मुलाच्या बाहुलीत दिसणारी पांढरी झाक, मधुमेह्याचा दृष्टिपटल, एवढ्यापुरती ही पद्धत वापरली तरी पुष्कळ होईल, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना थोडी तयारी करून दिली तर काही गट तेही सांभाळू शकतील.

मात्र परीक्षा जुनीच राहिली तर विद्यार्थी ‘टिपा लिहा’चीच तयारी करणार. आमच्या वेळी प्रात्यक्षिकाला हमखास मोतीबिंदूचा रुग्ण असे, कारण तो वॉर्डात सहज मिळे. पुढे आयुष्यभर मोतीबिंदूचे रुग्ण मी शल्यचिकित्सकाकडेच पाठवले. प्रात्यक्षिक परीक्षेत एका टेबलावर सलाइनची बाटली, आयव्ही सेट, धुतल्यावर डोळ्यात अल्कली उरला का ते पाहायला लिटमसचा कागद आणि कापूस ठेवावा, ‘डोळ्यात चुना गेलेले मूल आले आहे’ एवढेच सांगावे आणि परीक्षकाने घड्याळ लावून पाहत बसावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त डॉक्टर, सातारा जिल्हा