लालबागच्या मावशींना, मोरीच्या पडद्याबद्दल

मावशी,

काल कॉलेजात आमचा ट्रेलर दाखवला. दिवे लागले तरी थोडा वेळ कुणी बोललं नाही, आणि मला एकदम तुमची खोली आठवली. घरी आले आणि लिहायला बसले. तुम्ही बजावलं होतंत, "नाव लिहू नकोस गं, माणसं उगाच विचारत बसतात," म्हणून नाव लिहीत नाही. पण पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्याबरोबर सिनेमा शिकणाऱ्या मुलामुलींनी ते वाचावं असं मला फार वाटतं.

त्या सकाळी आम्ही चौघं तुमच्या चाळीच्या जिन्यात बॅगा घेऊन का बसलो होतो, हे तुम्ही विचारलं नाहीत. आज सांगते. ज्यांनी खोली द्यायचं कबूल केलं होतं, आगाऊ पैसेही घेतले होते, त्यांनी त्याच दिवशी सकाळी "आज जमणार नाही" म्हणून दार लावून घेतलं. त्याआधी एका ओळखीच्या गृहस्थांनी "आपलीच जागा समजा" म्हणून तीन आठवडे झुलवलं आणि शेवटी फोन उचलणंच बंद केलं. पैशांपेक्षा मला त्या तीन आठवड्यांचा राग आहे. नाही म्हणायला काय लागतं? तुम्ही पाण्याची कळशी घेऊन वर चालला होतात. आमच्याकडे एकदा बघितलंत आणि म्हणालात, "जिन्यात बसू नका, पाय लागतात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे. वर या." तेव्हा आम्ही कोण, कुठले, हेही तुम्हाला माहीत नव्हतं. लग्नसराईचे दिवस, पलंगावर फॉल-पिकोला आलेल्या साड्यांचा ढीग. तो तुम्ही कपाटावर चढवलात आणि आमच्या बॅगांना जागा केलीत.

आम्हाला काय करायचं होतं, तेही तेव्हा नीट सांगितलं नाही. सांगायची लाज वाटत होती, असं आता वाटतं. सामाजिक वास्तववाद नावाचा एक प्रकार आम्हाला अभ्यासाला आहे. खऱ्या जागा, खरा उजेड, हातात धरलेला कॅमेरा, मागे संगीत नाही, नळाचे आणि रस्त्याचे आवाज, आणि नट नसलेली माणसं. १९४८ साली इटलीत दे सिका नावाच्या दिग्दर्शकानं 'बायसिकल थीव्ह्ज'मध्ये चोरीला गेलेली सायकल शोधणाऱ्या बापाचं काम एका कारखान्यातल्या कामगाराला दिलं. तो सिनेमा जगभर नावाजला गेला. त्या कामगाराची कारखान्यातली नोकरी मात्र नंतर सुटली. हे वर्गात ऐकलं तेव्हा मी वहीत लिहून घेतलं आणि पान उलटलं. तुमच्या खोलीतून परत आल्यावर ते पान पुन्हा काढून वाचलं.

इंग्लंडमध्ये अशा नाटक-सिनेमांना 'किचन सिंक' म्हणतात. १९५४ साली एका कलासमीक्षकानं काही चित्रकारांबद्दल लिहिताना तो शब्द वापरला, आणि पुढे तो नाटक-सिनेमांना कायमचा चिकटला. भांडी घासायची जागा चित्रात आली, याचंच तिकडे केवढं अप्रूप. आपल्याकडे ती जागा म्हणजे मोरी. म्हणून मला तुमची मोरी हवी होती. फाटक्या पडद्याआडून दिसणारी बादली, पिंप, भिंतीवरची ओल. कॅमेरा लावतानाच मी ठरवून टाकलं होतं की ट्रेलर इथूनच सुरू करायचा. गिरणगाव म्हटलं की १९८२ चा संप, बंद पडलेले भोंगे आणि खिडकीत गप्प बसलेली बाई, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि तुम्ही उठून पडदा ओढलात.

मी म्हणाले, "मावशी, राहू दे ना तसाच. खरं वाटतं."

तुमच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे लगेच बोलता येईना. एक टाचणी तुम्ही ओठांतून काढलीत, पदराला पुसलीत आणि माझ्या हातात दिलीत. मग म्हणालात, "घरात कुणी आलं की मी ओढतेच तो. खरं विचारशील तर हेच खरं. धर, वरून टोच, नाहीतर सरकतो."

तुम्ही रागावला असतात तर मी माफी मागून मोकळी झाले असते. तुम्ही तर मला कामाला लावलंत. घरातल्या मुलीला सांगावं तसं सांगितलंत, आणि मी स्टुलावर चढून पडदा टोचला. त्या टाचणीला तुमच्या तोंडाची ऊब होती. 'फँड्री' सिनेमाच्या शेवटी छळणाऱ्यांवर भिरकावलेल्या, थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे बघणाऱ्याच्या दिशेनं येणाऱ्या दगडावर मी परीक्षेत चार पानं लिहिली होती, त्याला चांगले गुणही मिळाले होते. तो दगड माझ्याही दिशेनं येतो हे मला स्टुलावर उभी असताना कळलं.

पुढचं सगळं तुमच्यामुळे बदललं. खिडकीत बसायला आम्ही नाटकातली एक मैत्रीण आणली होती, तिला मळकी साडीही नेसवली होती. ती साडी तशीच परत गेली. "मी माझं काम थांबवणार नाही, तुम्हाला काय काढायचं ते काढा," या अटीवर तुम्ही तयार झालात. शेजारच्या खोल्यांना सांगून कुकर थांबवलेत. संपाबद्दल मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणालात की सासूबाईंनी हे मशीन त्याच वर्षी घेतलं, आणि त्याचं तेलपाणी तुम्ही कधी चुकवलेलं नाही.

आता ट्रेलरमध्ये पहिला एक मिनिट सगळं ठरलेल्या वाटेनं जातं. जिना, नळ, पावलं, मुलाच्या हातात खोली खाली करायच्या नोटिशीचं पाकीट. तो दारात उभा राहतो. तुम्ही खिडकीपाशी मान खाली घालून गप्प. तो काहीतरी विचारतो, तुम्ही बोलत नाही. बघणाऱ्याला वाटतं, बाई खचली. मग कॅमेरा जवळ जातो आणि ओठांतल्या टाचण्या दिसतात. तुम्ही एकेक काढून उशीत टोचता, सात टाचण्या, प्रत्येकीचा बारीकसा आवाज येतो, आणि म्हणता, "हं, आता वाच. आणि चप्पल बाहेर काढ आधी."

ते वाक्य आम्ही लिहिलेलं नव्हतं. त्या मुलानं चप्पल खरंच काढली नव्हती.

पहिली जुळणी बघून एका जाणकारांनी सांगितलं होतं की यात हाल कमी दिसतात, थोडे अजून दिसू देत. दोन रात्री झोप लागली नाही. मोरीचं, पडदा ओढायच्या आधीचं चित्रण आमच्याकडे होतं. ते घालणं सोपं होतं. घातलं नाही, आणि नंतर पुसूनच टाकलं. मावशी, हे तुम्हाला सांगायचं होतं. ते आता कुणाकडेच नाही.

परक्या माणसाला घरात घेणारी माणसं अजून आहेत. घेतल्यावर त्याला त्याची चूक कमीपणा न आणता दाखवणारी मला तरी क्वचितच भेटली. आमच्या क्षेत्रात माणुसकीवर बोलणारे पुष्कळ आहेत. तुमच्या मजल्यावरच्या बायकांनी ओळखपाळख नसलेल्या पोरांसाठी भर अकरा वाजता गॅस बंद ठेवले, तेही कुणी उपकार केल्यासारखं न दाखवता. त्या सगळ्यांनाही माझा नमस्कार सांगा.

रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन येते, सगळ्यांना गॅलरीत बसवून दाखवते. त्या दिवशी तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाचेसुद्धा. म्हणून येताना आईच्या दोन साड्या फॉलला आणते आहे. त्याचे पूर्ण पैसे घ्यायचे. आईनं तसं मुद्दाम सांगितलंय.

तुमची,
स्टुलावर चढलेली पोरगी