टाचेकडची रेघ

इन्सब्रुक,
रविवार, रात्री

प्रिय वैजू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आलेल्या तुझ्या पत्राला मी अजून उत्तर दिलेले नाही, याची बोचणी मनाला आहेच. पण आज लिहायला बसले ती तेवढ्यासाठी नव्हे. काल पेन्केन डोंगरावर स्नोबोर्डिंग करताना असे काही घडले, की ते तुझ्याखेरीज दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. थंडीत पाठ कुरकुरते, तेवढेच.

काल पहिल्याच गोंडोल्याने वर गेले. रात्रीतून यंत्र फिरवून उतार सारखा केलेला होता आणि तिफण फिरून गेलेल्या रानासारख्या त्या बारीक समांतर ओळींवर अजून कुणाचाही बोर्ड उमटलेला नव्हता. आपण जिला ‘भिंत’ म्हणायचो तिथून मी सहा वळणे घेतली आणि चेअरलिफ्टने परत जाताना वाकून स्वतःचा माग पाहिला. चवड्याकडच्या, म्हणजे बोर्ड चवड्यांच्या बाजूच्या कडेवर, धारेवर, कलवून घेतलेल्या वळणांच्या तिन्ही रेघा पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक आणि खोल होत्या. टाचेकडच्या पहिल्या दोनही तशाच होत्या, वैजू! मी लिफ्टमध्ये एकटी होते, तरी मोठ्याने तुझे नाव घेतले. तिसरी रेघ मात्र अर्ध्यावर फाटली होती आणि तिथून खाली हातभर रुंदीची, आडव्या ओरखड्यांची शिडी उमटली होती. कालपासून मला त्या दोन रेघांचा आनंद कमी आणि त्या शिडीची चिंता जास्त आहे.

आपले ते भांडण आठव. पेन्केनच्या पायथ्याच्या मायरहोफेनपासून येनबाखपर्यंत आगगाडीत आपण एकमेकींशी अवाक्षरही बोललो नव्हतो. तू म्हणाली होतीस, की मी घाबरते आणि म्हणून स्टुलावर बसल्यासारखे बूड मागे टाकते. मी म्हणत होते, की बोर्ड अरुंद आहे, तो जास्त कलला की बुटाची टाच बर्फाला टेकते आणि धार उचलली जाते. आता मी रुंद बोर्ड घेतला आहे, टाच कुठेही टेकत नाही, आणि तरीही दोष उरलाच. तेव्हा निम्मे भांडण तू जिंकलीस, हे आज लेखी देते.

पण निम्मेच. चवड्याकडच्या वळणात घोटा, गुडघा आणि कंबर हे तिन्ही सांधे बर्फाचे हादरे पचवतात. टाचेकडच्या वळणात पोटरी बाइंडिंगच्या, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या साच्याच्या, पाठीला टेकलेली असते, घोटा जवळपास जखडलेला असतो, आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. त्यात पाय ताठ ठेवून बूड मागे टाकले, की बोर्ड थडथडत घसरतो. शिडी उमटते ती त्यामुळेच. इथवर तुझे म्हणणे मला मान्य आहे.

मात्र उतार तीव्र झाला की गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. तू कागदी रुमालावर काढून दिलेली आकृती मी अजून जपून ठेवली आहे : बोर्डाच्या कडेचा बाक ८ मीटर त्रिज्येचा असेल आणि बोर्ड बर्फाशी ६० अंशांचा कोन करून उभा राहिला, तर वळणाची त्रिज्या साधारण ४ मीटर होते. त्याच आकृतीत तू दोन बाण काढले होतेस. वळणाच्या पहिल्या अर्ध्यात, बोर्ड उताराच्या थेट दिशेकडे वळत असताना, गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि वळणाचा बाहेर फेकणारा जोर एकमेकांविरुद्ध असतात. दुसऱ्या अर्ध्यात ते दोन्ही एकाच बाजूला ओढतात. म्हणजे धार वरच्या अर्ध्यातच रुतली नाही, तर सगळे काम नेमके जिथे भार सर्वाधिक असतो तिथे येऊन पडते, आणि बर्फ तुटतो. म्हणून बोर्ड अजून उतारावर आडवा जात असतानाच गुडघे सैल सोडून धार बदलायची आणि शरीर दरीकडे झुकू द्यायचे. वेग आवरायचा तो घासून नव्हे, तर वळण पुरते डोंगराकडे वर नेऊन.

खरी अडचण इथेच आहे. चवड्यांवरून टाचेवर येताना माझे तोंड डोंगराकडे आणि पाठ दरीकडे असते, आणि मला न बघता मागे झुकायचे असते. पहिल्या दोन वळणांत मी धार बदलण्यापूर्वीच पुढच्या खांद्यावरून नजर वळणाच्या आत नेली होती. तिसऱ्याच्या वेळी वेग वाढला होता, नजर बोर्डाच्या टोकावर आली आणि वरचा अर्धा भाग मी घाईने उरकला. ही भीती म्हणायची, की भूमिती? तू नेहमी म्हणायचीस, की भूमिती बरोबर असली म्हणजे भीती आपोआप जाते. काल मला प्रथमच उलटे वाटले, की भीतीच आधी येऊन भूमिती बिघडवते.

हे लिहिताना पेन्केनवरच्या ‘हाराकिरी’ या तीव्र उताराच्या माथ्यावरचा आपला फोटो समोर आहे. ७८ टक्के उतार असे तू घरी कळवलेस आणि काकूंनी विचारले होते, “कोणत्या विषयात?” ते फक्त ३८ अंश आहेत, हे त्यांना समजावताना तुझी झालेली तारांबळ आठवून अजूनही हसू येते.

आणखी एक विचारायचे आहे. २०१८ मध्ये एस्टर लेडेत्स्काने प्योंगचांगला एकाच ऑलिंपिकमध्ये स्कीचेही सुवर्ण जिंकले आणि स्नोबोर्डचेही, तेव्हा तिची वळणे आपण थांबवून थांबवून पाहिली होती. तिचे बूट कडक आणि दोन्ही पावले पुढे वळलेली, त्यामुळे दरीकडे पाठ करण्याचा प्रश्न तिला आपल्याइतका पडत नाही. तेच ध्यानात घेऊन मी मागच्या पावलाचा कोन उणे ९ अंशांवरून (मागे वळलेला) अधिक ६ अंश (पुढे वळलेला) केला आहे. कंबर उघडते आणि नजर आत नेणे सोपे जाते. कालच्या दोन रेघा त्यामुळेच साधल्या असतील, तर दोष सुधारला की मी त्याला फक्त वळसा घातला, हे मला ठरवता येत नाही.

सईच्या शाळेचे आणि नव्या घराचे सविस्तर कळव. गुडघ्याचे व्यायाम सोडू नकोस. काकूंना नमस्कार.

मागाचा फोटो सोबत जोडला आहे. तिसऱ्या वळणाची रेघ नेमकी कुठे फाटायला लागली, तिथे खूण करून पाठव. माझ्या मते ती उताराच्या थेट दिशेच्या आधीच फाटली आहे, पण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. शनिवारी पहिल्या गोंडोल्याने पुन्हा वर जाणार आहे, त्याआधी उत्तर आले तर फार बरे होईल.

तुझी,
नंदा