दोन गेंडे भांडत होते आणि पळायची वाट आमच्या जिपांनी अडवली होती

मा. केंद्रीय वनमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्याचा, वर्तकनगरला राहतो. काल आईच्या मनगटाचं प्लास्टर बदलून घरी आलो, मेल उघडला तर सफारीतल्या अपघाताच्या माझ्या तक्रारीवर एकच ओळ, तक्रार निकाली काढली. कोणी काढली, चौकशी काय केली, काही नाही. पंधरा दिवसांत कळवतो म्हणून ज्यांनी माझ्यासमोर वहीत लिहून घेतलं ते आता फोनही उचलत नाहीत.

आसामात सफारीला गेलो होतो. गवतातून दोन नर गेंडे भांडत बाहेर आले आणि पुढेमागे अकरा जिपा, सगळ्यांचे मोबाईल वर. आफ्रिकेतला गेंडा शिंगाने भांडतो, आपला एकशिंगी भांडतो तो खालच्या जबड्यातल्या सुळ्यांसारख्या दातांनी, नराचे ते 13 सेंटिमीटरपर्यंत वाढतात. एकाच्या मांडीवर कोयता मारल्यासारखी चीर होती, आतलं गुलाबी मांस दिसत होतं. तो हरला होता साहेब, त्याला फक्त पळायचं होतं आणि वाटेत आम्ही उभे. दोन टनांचं जनावर सरळ आमच्याकडे आलं, ड्रायव्हरने रिव्हर्स टाकला, मागची जिप हलेना, धडकलो आणि आई लोखंडी दांड्यावर आपटली. 68 वर्षांची आहे ती. महिना झाला, वेणी मी घालतो तिची, अजून झोपेत दचकते.

गेंड्याचा काय दोष? नर आपल्या भागात दुसऱ्या तगड्या नराला टिकू देत नाही, हरलेल्याला निसटता आलं तर जीव वाचतो, नाही आलं तर जखमांनी मरतो. हे तिथल्या प्रत्येक गाईडला माहीत आहे, मग जिपा अडवल्या का नाहीत? 2025 च्या जानेवारीत काझीरंगात मायलेकी जिपमधून गेंड्यासमोर पडल्या, अख्ख्या देशाने व्हिडिओ पाहिला, तरी आमच्या वेळी अकरा जिपा एकाला एक चिकटून!

आणि आता सांगतात हा राज्याचा विषय. 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीपासून वनं आणि वन्यप्राणी समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे जबाबदारी केंद्र आणि राज्य दोघांचीही. पण आपल्याकडे असंच, रस्ता असो, नाला असो, जंगल असो, तिकिटाचे पैसे घ्यायला माणूस असतो, तक्रार घ्यायला नसतो, आणि पोराने आईला घेऊन किती टेबलं फिरायची?

गेंडे भांडताना दिसले की जिपा लांबच थांबवा, एका बाजूची वाट पूर्ण मोकळी ठेवा, मागच्या गाडीला चिकटू देऊ नका. माझी तक्रार पुन्हा उघडा आणि त्या जखमी नराचं पुढे काय झालं तेही कळवा, आई रोज विचारते.

आपला,
एक ठाणेकर