गोदावरी नाशिकला संपत नाही

रविवारच्या पुरवणीतील गोदावरीवरचा लेख वाचला. त्र्यंबकेश्वर आणि रामकुंडाचे वर्णन छान जमले आहे. पण सुमारे १,४६५ किलोमीटरच्या या नदीला लेखकाने नाशिकच्या पुढे फारसे जाऊच दिले नाही! सातवाहनांची राजधानी पैठण तर एका ओळीत उरकली. याच पैठणहून अकीकासारखे दगड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला नेले जात. हा प्रवास वीस दिवसांचा, अशी नोंद पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने करून ठेवली आहे. नदीकाठचे हे गाव थेट समुद्री व्यापाराशी जोडलेले होते, हे वाचकांना कळायला नको का? लेखाचा दुसरा भाग येणार असेल, तर तो पैठणपासून सुरू करावा आणि राजमहेंद्रीपर्यंत न्यावा.

– एक वाचक