डोंगर सपाट असतो हो बाई

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत लहान मुलांना रंगवायला जे चित्र असतं ना, त्यावरून हे पत्र लिहितेय. परवा नात ते रंगवत बसलेली, मी शेजारी मशीनवर काज-बटणाचं काम करत होते, सहज डोकावले तर तेच आपलं, दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, कौलारू घर आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. मी शाळेत असताना हेच काढत होते, माझ्या मुलानं हेच काढलं आणि आता तिसरी पिढी. आणि खिडकीतून समोर बघितलं की अजिंक्यतारा, टेबलासारखा सपाट! सातारच्या पोरांनी त्रिकोणी डोंगर नक्की कुठं बघितला हो?

तर माझी गोष्ट अशी की १९८२ साली पाचवीत असताना मी डोंगर सपाट काढला होता. बाईंनी (शाळा कुठली ते सांगत नाही, बाई आता नाहीत) त्यावर लाल पेनानं रेघ मारली आणि म्हणाल्या "डोंगर असा असतो का गं?" वर्ग हसला. त्यानंतर चित्रकलेची वही मी फक्त मार्कांपुरती भरली, बाकी आयुष्य ब्लाऊज शिवण्यात गेलं, त्याचं दुःख नाही, धंदा चांगला चालला.

पण गेल्या वर्षी मनानं घेतलं की शिकायचं. एका क्लासला फोन केला तर पलीकडून "मुलगा कितवीत आहे?" म्हटलं मुलाचं लग्न झालंय, मला स्वतःला यायचंय. मग जरा वेळ शांतता. दुसरीकडं सांगितलं आमच्याकडं फक्त एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी होते. परीक्षांना माझं काही म्हणणं नाही, ग्रेड मिळाली की दहावीला वाढीव मार्क मिळतात, पोरं त्यासाठी का होईना वस्तुचित्र, स्मरणचित्र काढतात. पण दहावी झाली की ब्रश कोरडा पडतो तो पडतोच आणि पन्नाशीतल्या माणसाला कुणी पहिल्यापासून शिकवायला तयार नसतं. शेवटी राजवाड्याच्या बाजूला एकांच्या माडीवर रविवारी दोन तास चालणारा क्लास मिळाला, आम्ही सहाजण, त्यात एक रिटायर्ड कंडक्टर, एक मेडिकलवाले, बाकी आम्ही बायका.

पहिल्या दिवशी सरांनी खोडरबर काढून घेतला. एचबी, टूबी आणि सिक्सबी अशा तीन पेन्सिली, बाकी काही नाही. म्हणाले पायातली चप्पल काढा, समोर ठेवा आणि कागदाकडं अजिबात न बघता काढा, डोळा चपलेच्या कडेवरून जितका हळू सरकेल तितकीच पेन्सिल सरकवायची. माझी चप्पल भाकरी फाटल्यासारखी दिसत होती. पण अंगठ्याजवळ पट्टा जिथं झिजून वर आलाय तो वळसा बरोबर आलेला, आणि हो, दोन वर्षं घालतेय ती चप्पल, तिथं झिजलीय हे मला त्या दिवशी कळलं.

मग खुर्ची. सर म्हणाले खुर्ची काढू नका, तिच्या पायांमधली, दांड्यांमधली मोकळी जागा तेवढी काढा, खुर्ची आपोआप येईल. कंडक्टरकाका वैतागले, नसलेली वस्तू कशी काढायची म्हणे. मला मात्र एका मिनिटात समजलं, कारण गळा आणि मुंढा (बाही जोडायची खाच) आम्ही असाच कापतो. ब्लाऊजचा गळा म्हणजे काय, काढून टाकलेल्या कापडाचाच तो आकार. तीस वर्षं मी मोकळी जागाच तर कापत आले! त्या दिवशी घरी येताना पोवई नाक्यापर्यंत चालतच आले, रिक्षा नको वाटली.

कोलाजला तर माझा हात कुणी धरू शकत नाही असं सरच म्हणाले (हे छापू नका, किंवा छापा). शाळेत त्याला कातरकाम-चिकटकाम म्हणायचे, घोटीव कागदाची फुलं नाहीतर घर. पण ही मोठ्यांची गोष्ट आहे हे तिथं कळलं. १९१२ साली पिकासोनं चित्रावर वेताच्या खुर्चीची वीण छापलेलं मेणकापड सरळ चिकटवलं आणि चित्राच्या कडेनं दोरी लावली. आणि मातीस म्हणून फ्रेंच चित्रकार, विणकरांच्या गावात वाढलेला, १९४१ च्या मोठ्या ऑपरेशननंतर त्याला फार उभं राहवेना, तर मदतनीसांकडून कागद रंगवून घ्यायचा आणि खुर्चीत, पलंगावर बसून कात्रीनं आकार कापायचा. कात्रीवाला माणूस, मला एकदम घरचाच वाटला.

आता गंमत सांगते, आणि ही तुमच्या पेपरचीच आहे. पेपर वरून खाली फाडला तर सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा जातो. कापडाला जसा उभा-आडवा धागा तशी कागदालाही दिशा असते. फेविकॉल पाणी घालून पातळ केला की कागद फुगतो आणि एका बाजूनं जास्त ताणतो, मग सुरकुत्या. म्हणून आधी काही न चिकटवता सगळे तुकडे मांडायचे, मोबाइलवर फोटो काढायचा, एक रात्र तसंच ठेवायचं आणि सकाळी डिंकाला हात लावायचा. पहिलं कोलाज मी खिडकीत टांगलं तर दोन महिन्यांत पिवळं पडलं. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद उन्हात पिवळा पडतोच म्हणे, तुमची चूक नाही.

ते पिवळं कोलाज कशाचं होतं तर अजिंक्यताऱ्याचं. पेपरच्या आडव्या पट्ट्या मुद्दाम वेड्यावाकड्या फाडून एकावर एक, कारण आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसूनच झालाय, माथा सपाट असतो तो त्यामुळंच. गडावरच्या टॉवरला बॉबिनचा काळा धागा. बाईंना दाखवायला पाहिजे होतं.

आमच्या जिल्ह्यात चित्रं कमी नाहीत हो. औंधला भवानी संग्रहालय आहे, १९३८ सालचं, राजा रविवर्म्याची सैरंध्री तिथं आहे, हेन्री मूरची दगडातली आई-मूल आहे. ज्यांनी ते उभारलं ते भवानराव पंतप्रतिनिधी सगळ्यांना सूर्यनमस्कारामुळं माहिती, पण राजेसाहेब स्वतः चित्रं काढायचे. आम्ही सहाजण एसटीनं गेलो होतो, वह्या घेऊन. मी अर्धा तास सैरंध्रीच्या नुसत्या निऱ्या काढत बसले, कापड कसं पडतं ते मला नवीन नाही तरी तीनदा चुकलं.

तर मागण्या दोन. एक, आपल्याकडचे हॉल, वाचनालयाच्या वरच्या खोल्या रविवारी सकाळी कुलूपबंद असतात, त्यातली एखादी मोठ्यांच्या नवशिक्या क्लासला दोन तास मिळावी, टेबल-खुर्च्या आणि उजेड पुरे, बाकी आम्ही आणतो. तुम्ही छापलंत तर कुणीतरी चावी काढेल.

दुसरी तुमच्याच हातातली आहे. एका रविवारी ते रंगवायचं चित्र देऊ नका. तिथं रिकामी चौकट छापा आणि वर एक ओळ, "घरातली एक चप्पल समोर ठेवून काढा." चौकट जरा मोठी ठेवा, नातीची चप्पल छोटी आहे, माझी नाही.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक, सातारा