कोल्हापूर उद्यमनगरच्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

मोबाइलवरचं बारीक अक्षर तुम्हाला दिसत नाही, हे माहीत आहे. दुकानातल्या पोराकडून वाचून घ्या.

मंगळवारी पहाटे करूळ घाट उतरले. मागं टनभर कोबी, कणकवलीला पोचवायचा होता. गगनबावडा सोडल्यावर पहिल्या उताराला ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी सरळ रेषेत दबली. दोन महिने ती उजवीकडं ओढत होती, काका. प्रत्येक वळणाला दरीकडं बघत स्टेअरिंग आवळून धरायचे. वैभववाडीत गाडी बाजूला घेतली, वाकून डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूनं हात फिरवला. कोरडा. नुसती धूळ लागली हाताला. तिथंच रस्त्याकडेला बसून रडले.

आण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पिकअप मीच चालवते. डाव्या चाकाला तेलाचे ओघळ दिसायला लागले तसे दोन गॅरेज केले. एकानं व्हील सिलेंडरचं, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबानं चाकाचा ब्रेक लावणाऱ्या भागाचं, किट बदललं. दुसऱ्यानं दोन्ही बाजूचे सिलेंडरच नवे टाकले आणि तेलात भिजलेले लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, पेट्रोलनं धुऊन, पॉलिश पेपर मारून तेच परत बसवले. आठवड्यात चाक पुन्हा ओलं. दोन्हीकडं मी एकच सांगत होते, की बाटलीतलं ब्रेक ऑइल उतरत नाही, मी रोज सकाळी बॉनेट उघडून बघते. एक म्हणाला, "ताई, घरातल्या कुणातरी गड्याला पाठवा." दुसऱ्यानं तर मानही वर केली नाही. बिल मात्र दोघांनीही माझ्याच हातात दिलं. ह्याचा राग अजून गेलेला नाही आणि तो लपवायचाही नाही.

तुम्ही गाडीला हात लावायच्या आधी विचारलंत, "बाटलीतलं ऑइल किती उतरलंय गं पोरी?"

मी म्हटलं, अजिबात नाही.

"मग ते ब्रेक ऑइल न्हवंच."

दोन महिने जे मी सांगत होते, त्यावर पहिल्यांदा कुणीतरी विश्वास ठेवला.

मग ड्रम उतरवलात. आतल्या ब्रेकच्या शूवरचं तेल माझ्या बोटावर लावून वास घ्यायला सांगितलात. गंधकासारखा उग्र वास, नाकातून जाईना. टपरीवरच्या पोराला हाक मारून चहाचे दोन रिकामे ग्लास मागवलेत, दोन्हीत पाणी ओतलंत. एकात नव्या डब्यातलं ब्रेक ऑइल सोडलंत, ते हलवल्यावर पाण्यात मिसळून गेलं. दुसऱ्यात ड्रममधलं तेल सोडलंत. त्याचे दाट थेंब वरच तरंगत राहिले. तो ग्लास उजेडात धरून माझ्याकडं फिरवलात. "हे क्राऊनचं, मागच्या एक्सलमधल्या गिअरचं ऑइल. ते अडवणारं एक्सलचं सील गेलंय. पटलं का तुला?"

काका, हे "पटलं का" मी विसरणार नाही. तुम्ही सरळ सील बदलून गाडी दिली असती तरी मी गपगुमान पैसे देऊन गेले असते. पण मला पटेपर्यंत तुम्ही पान्याला हात लावला नाहीत. गाडी माझी, घाटात जीव माझा, तर काय बिघडलंय हे मला कळलं पाहिजे, असं तुम्हाला वाटलं.

आणि सील गेलंय एवढ्यावरही थांबला नाहीत. गाडीखाली सरकून एक्सलच्या हाऊसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं भोक, दाखवलात. उसाच्या फडातला चिखल वाळून दगड झालेला, भोक पार बुजलेलं. लांबच्या पल्ल्याला हाऊसिंग तापतं, आतली हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती तेल सीलमधून बाहेर रेटते. ब्रीदर तसाच राहिला असता तर नवं सीलही टिकलं नसतं. दोन्ही चाकांना नवे लायनर घातलेत, जुने धुऊन चालणार नाहीत म्हणालात. बाकीचं काम तुमच्या हातचं, त्यातलं मी काय सांगू?

आण्णांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना 2019 चा महापूर आठवला. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि आण्णा गाडीसकट अडकले. तिथल्या एका घरातून त्यांना रोज भाकरी येत होती. नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून आजही हळहळतात. अशा माणसांच्या आधारावरच रात्रीअपरात्री आम्ही गाडी रस्त्यावर काढतो. मला तुमच्या दुकानाचा पत्ता ठाऊक आहे, एवढं माझं नशीब.

आता दर पंधरा दिवसांनी ब्रीदर मी स्वतः पुसते. परवा शेजारच्या दादांच्या गाडीचं चाक ओलं दिसलं, तर त्यांनाही आधी बाटली बघायला लावली.

टपरीवाल्याचे दोन ग्लास तेलात गेले, ते तुम्ही तुमच्या पैशानं भरून दिलेत, हे त्या पोराकडून कळलं. महाद्वार रोडवरून मी नवे सहा ग्लास घेतले आहेत. येत्या आठवड्यात मार्केट यार्डात गूळ टाकला की काकवीच्या बाटलीबरोबर घेऊन येते.

तुमची,
पन्हाळ्याकडची पिकअपवाली